किमिको दातेचा दुसरा डाव

१९९६ च्या एप्रिलमध्ये स्टेफी ग्राफला हरवणं ही जवळजवळ अशक्य कोटीतली गोष्ट होती. आदल्या वर्षी तिनं तीन ग्रँड स्लॅम स्पर्धा खेळल्या आणि तिन्ही जिंकल्या. त्या वर्षीही ती पुन्हा नेमकं तेच करणार होती. अशा ग्राफला घेऊन जर्मनीचा संघ फेड कपसाठी टोकियोला आला. सामने होते आरिआके इथं. टोकियोच्या उपसागरात भराव घालून केलेल्या जमिनीवरचं, सुमारे दहा हजार प्रेक्षक मावणारं हे स्टेडियम म्हणजे जपानी टेनिसचं माहेरघर. ग्राफच्या समोर उभी होती १६३ सेंटिमीटर उंचीची किमिको दाते. त्याआधी ग्राफविरुद्ध तिला एकदाही जिंकता आलं नव्हतं.

पहिला सेट दातेनं टायब्रेकमध्ये घेतला, दुसरा ग्राफनं ६-३ असा. तिसऱ्या सेटला तेव्हा फेड कपमध्ये टायब्रेक नसायचा, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचं. त्या दोघी खेळत राहिल्या. ६-६ झाले, ८-८ झाले, १०-१० झाले. शेवटी दातेनं तो सेट १२-१० असा जिंकला. एकटा तिसरा सेट बावीस गेमचा, आणि सगळा सामना तीन तासांहून लांब. जपाननं ती लढत ३-२ अशी जिंकली. ग्राफला दातेनं हरवलं ते कारकिर्दीत एवढ्या एकदाच, पण ज्यांनी तो सामना पाहिला ते जपानी लोक त्याच्याबद्दल आजही आपल्याकडचे लोक १९८३ च्या लॉर्ड्सबद्दल बोलतात तसं बोलतात.

सात महिन्यांनी दातेनं टेनिस सोडलं. वय २६, जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांत, मोठी दुखापत नाही, घसरण नाही. आणि बारा वर्षांनी, वयाच्या ३७ व्या वर्षी, ती परत आली. पुनरागमन करणाऱ्या खेळाडूंच्या गोष्टी आपण पुष्कळ वाचलेल्या असतात. बहुतेक पुनरागमनं दोन-तीन हंगामांत आटोपतात, पैशांची गरज किंवा टाळ्यांची सवय भागली की संपतात. दातेचा दुसरा डाव नऊ वर्षांहून अधिक चालला. पहिला डाव, १९८९ ते १९९६, त्याहून छोटा होता. तिच्या कारकिर्दीकडे पाहताना लोक वयाचे विक्रम मोजत बसतात, आणि मला ते थोडं खटकतं. वय हा त्या गोष्टीतला सगळ्यात कमी कुतूहलाचा भाग आहे. खरं कुतूहल याचं आहे की जे काम नको नकोसं होऊन तिनं टाकून दिलं, तेच काम तिनं नंतर स्वतःच्या मर्जीनं, कमी मिळकतीत, खालच्या पायरीपासून पुन्हा धरलं.

तिचा जन्म २८ सप्टेंबर १९७० चा, क्योटोचा. आईवडील हौसेखातर क्लबात टेनिस खेळायचे, त्यांच्या मागं मागं जात सहाव्या वर्षी तिनं रॅकेट धरली. मूळची ती डावरी. पण त्या पिढीतल्या जपानी घरांमध्ये डावऱ्या मुलांना उजव्या हाताचं वळण लावलं जायचं. (आपल्याकडे डाव्या हातानं घास उचलला की हातावर चापटी बसायची, तसंच.) त्यामुळे टेनिसही ती उजव्या हातानं शिकली. पुढं तिच्या दोन्ही हातांनी मारलेल्या बॅकहँडचं जे कौतुक झालं, त्यात या जन्मजात डाव्या हाताचा वाटा नक्की असणार. कारण दोन हातांच्या बॅकहँडमध्ये उजव्या हाताच्या खेळाडूचा डावा हातच खरा कर्ता असतो.

आमागासाकी या ओसाकाजवळच्या औद्योगिक शहरात सोनोदा गाकुएन नावाची मुलींची शाळा आहे, टेनिसच्या कडक तालमीसाठी प्रसिद्ध. दाते तिथं शिकली. १९८८ साली शाळांच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिनं एकेरी, दुहेरी आणि सांघिक अशी तिन्ही विजेतेपदं मिळवली आणि पुढच्या वर्षी व्यावसायिक झाली.

तिचा खेळ समजून घ्यायचा तर एक गोष्ट नीट पाहावी लागते. टप्पा पडल्यावर चेंडू वर चढतो, माथ्यावर पोचतो आणि मग खाली येतो. बहुतेक खेळाडू तो माथ्यावर किंवा उतरताना मारतात, कारण तिथं तो क्षणभर थांबल्यासारखा असतो. दाते तो चढत असतानाच घ्यायची, टप्प्यापासून हातभर अंतरावर. रॅकेट मागं फारशी न्यायची नाही, फिरकी जवळजवळ द्यायची नाही, चेंडू सपाट आणि जाळीच्या जेमतेम वरून परत पाठवायचा. यासाठी बेसलाइनच्या मागं न जाता तिच्या आत उभं राहावं लागतं, आणि अंदाज केसभर चुकला तर चेंडू थेट रॅकेटच्या चौकटीवर आदळतो. पण साधलं तर दोन फायदे होतात. समोरच्याला सावरायला वेळ मिळत नाही, आणि फटक्यासाठी लागणारी ताकद आपली नसते. ती समोरच्यानंच चेंडूत भरून पाठवलेली असते. आपण फक्त दिशा बदलायची. कृश बांध्याच्या, फारशी दणकट सर्व्हिस नसलेल्या मुलीनं उंच, ताकदवान युरोपीय आणि अमेरिकी खेळाडूंशी लढण्यासाठी शोधलेला हा व्यवहार होता. जपानमध्ये हा फटका तिच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

१९९२ ते ९४ अशी सलग तीन वर्षं ती जपान ओपन जिंकली. १९९४ च्या जानेवारीत तिनं सिडनीची स्पर्धा मारली आणि लगेच मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये कोंचिता मार्टिनेझला हरवून उपांत्य फेरी गाठली. काझुको सावामात्सुनंतर, म्हणजे १९७३ नंतर, ग्रँड स्लॅमच्या एकेरीत इतकं पुढं गेलेली जपानी बाई ही पहिलीच. तिथं ग्राफनं तिला ६-३, ६-३ असं घरी पाठवलं. त्या वर्षाअखेर ती जगात पहिल्या दहांत होती. एकाही जपानी महिलेला त्याआधी ते जमलं नव्हतं.

१९९५ ची सुरुवात जपानसाठी भयानक झाली. १७ जानेवारीला पहाटे कोबे परिसरात भूकंप झाला, सहा हजारांवर माणसं गेली. दातेची शाळा ज्या आमागासाकीत आहे ते गाव त्याच पट्ट्यातलं. काझुको सावामात्सुची भाची नाओको तेव्हा ऑस्ट्रेलियन ओपन खेळत होती; तिचं घर त्याच भागात होतं, आणि अशा मनःस्थितीत ती उपांत्यपूर्व फेरीपर्यंत खेळली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी टोकियोत पॅन पॅसिफिक ओपनच्या अंतिम सामन्यात दातेनं लिंडसे डेव्हनपोर्टला हरवलं. मार्चमध्ये ती फ्लोरिडातल्या मोठ्या स्पर्धेत ग्राफसमोर अंतिम सामना खेळली. जूनमध्ये पॅरिसच्या लाल मातीवर उपांत्य फेरी. त्या वर्षी तिची क्रमवारी चौथ्या स्थानापर्यंत गेली.

आणि मग १९९६. एप्रिलमधला फेड कप सुरुवातीला सांगितलाच. जुलैत विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत तिनं मेरी पिअर्सला हरवलं आणि सेंटर कोर्टवर पुन्हा ग्राफ समोर आली. या सामन्यातला एक प्रसंग टेनिसवेड्या लोकांना पाठ आहे. ग्राफ सर्व्हिस करायच्या तयारीत असताना गर्दीतून कुणीतरी ओरडला, ‘स्टेफी, माझ्याशी लग्न करशील का?’ ग्राफनं क्षणभर थांबून विचारलं, ‘तुझ्याकडे पैसे किती आहेत?’ सगळं कोर्ट हसलं. वर्षानुवर्षं हा विनोद सांगताना समोर कोण खेळत होतं हे मात्र सांगणारे विसरतात. समोर दाते होती, आणि ती विनोदाच्या मनःस्थितीत असण्याचं काही कारण नव्हतं. पहिला सेट ग्राफनं ६-२ घेतला होता, दुसऱ्यात ती २-० पुढं होती. तिथून दातेनं सलग सहा गेम घेतले. चेंडू पायाशी पडेपर्यंत ग्राफची रॅकेट मागंही जात नव्हती, इतक्या लवकर तो परत येत होता. एक-एक सेट झाला आणि उजेड संपला. सेंटर कोर्टला तेव्हा छप्परही नव्हतं, दिवेही नव्हते. सामना दुसऱ्या दिवसावर गेला. रात्रभरात ग्राफला विचार करायला वेळ मिळाला, आणि ग्राफला वेळ देऊ नये हेच तर दातेच्या सगळ्या खेळाचं सार होतं. सकाळी ताज्या डोक्यानं आलेल्या ग्राफनं तिसरा सेट ६-३ असा जिंकला.

अटलांटा ऑलिंपिकमध्ये दाते उपांत्यपूर्व फेरीत अरांता सांचेझ विकारिओकडून तिसऱ्या सेटमध्ये १०-८ अशी हरली. थोड्याच आठवड्यांत सॅन डिएगोच्या अंतिम सामन्यात तिनं त्याच सांचेझला हरवून स्पर्धा जिंकली. सप्टेंबरमध्ये तिनं निवृत्ती जाहीर केली. शेवटचा सामना नोव्हेंबरात, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, वर्षाअखेरच्या स्पर्धेत. समोर होती १६ वर्षांची मार्टिना हिंगीस. दाते सरळ सेटमध्ये हरली.

का सोडलं? याचं उत्तर तिनं पुढं अनेकदा दिलं आहे आणि ते गूढ अजिबात नाही. तिला तो प्रवास आवडत नव्हता. वर्षातले बहुतेक महिने परदेशात, परकी भाषा, परकं जेवण, आणि मागं कायम जपानी वार्ताहरांचा घोळका. प्रत्येक सामना देशाच्या वतीनं खेळल्यासारखा. जिंकलं की सुटका वाटायची, आनंद नाही. तेव्हाच्या जपानी पत्रकारितेत तिची प्रतिमा आखडू, न हसणारी अशी होती. पंचविशीच्या मुलीवर एक देश स्वतःच्या अपेक्षांचं ओझं टाकतो आणि वर ती हसत का नाही म्हणून नाक मुरडतो, हे आपल्याला काही नवीन नाही. सानिया मिर्झाला विचारावं.

पुढची अकरा-बारा वर्षं तिनं टेनिस जवळजवळ बाजूला ठेवलं. लहान मुलांसाठी टेनिसची शिबिरं घेतली, टीव्हीवर समालोचन केलं. २००१ मध्ये मिखाएल क्रुम या जर्मन मोटारशर्यतपटूशी लग्न केलं. क्रुम जपानमधल्या शर्यतींमध्ये नाव कमावलेला माणूस. पुढं २०११ मध्ये तो जीटी मोटारींच्या जागतिक स्पर्धेत सहकाऱ्याबरोबर विजेता झाला. २००४ मध्ये दाते लंडन मॅरेथॉन साडेतीन तासांच्या आत धावली. म्हणजे शरीर तिनं सोडून दिलेलं नव्हतं.

परत येण्याचं निमित्त प्रदर्शनीय सामन्याचं झालं. मार्च २००८ मध्ये आरिआकेतच दाते, ग्राफ आणि नवरातिलोवा अशा तिघींना एकत्र आणणारा कार्यक्रम ठरला. त्याच्या तयारीसाठी दातेनं पुन्हा रोजचा सराव सुरू केला आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला हे आवडतंय. नवऱ्यानंही आग्रह धरला. वेगात गाडी चालवणाऱ्या माणसाला चाळिशीत खेळत राहणं विचित्र वाटत नसावं. मोटारशर्यतीत ती नेहमीची गोष्ट आहे. एप्रिलमध्ये तिनं जाहीर केलं की आपण परत येतोय. सांगितलेलं उद्दिष्ट माफक होतं: जपानमधल्या स्पर्धा खेळायच्या, तरुण मुलींना थोडं चेतवायचं.

पहिली स्पर्धा गिफूची. क्रमवारी नाही, म्हणून पात्रता फेरीपासून सुरुवात. जागतिक क्रमवारीत एकेकाळी चौथी असलेली बाई आता ‘किमिको दाते-क्रुम’ या नावानं ५० हजार डॉलर बक्षिसाच्या छोट्या स्पर्धेत, आपल्या निवृत्तीच्या वेळी पाळण्यातून नुकत्याच उतरलेल्या मुलींशी खेळत होती. पात्रता फेरी पार करून ती एकेरीच्या अंतिम सामन्यापर्यंत गेली आणि तिथं थायलंडच्या तामारिन तानासुगार्नकडून हरली. दुहेरी मात्र तिनं जिंकली, १६ वर्षांच्या कुरुमी नाराला जोडीला घेऊन. त्या वर्षाअखेर जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिनं एकेरी आणि दुहेरी दोन्ही विजेतेपदं पटकावली. जपानी टेनिसला ती थोडी लाजिरवाणीच गोष्ट होती: ३८ वर्षांची बाई बारा वर्षांच्या सुट्टीनंतर येते आणि राष्ट्रीय विजेती होते! तरुण मुलींना चेतवायचं हे उद्दिष्ट असेल तर चिमटा बरोबर ठिकाणी बसला होता.

मग माफक उद्दिष्ट हळूहळू सरकायला लागलं. जानेवारी २००९ मध्ये ती ऑस्ट्रेलियन ओपनची पात्रता फेरी खेळून मुख्य फेरीत आली आणि काया कानेपीशी तिसऱ्या सेटमध्ये ८-६ असं हरली. विम्बल्डनमध्ये कॅरोलिन वोझ्नियाकीकडून एक सेट घेतला. आणि सप्टेंबरमध्ये सोलची स्पर्धा. गतविजेती मारिया किरिलेन्को वाटेत गेली, अंतिम सामन्यात आनाबेल मेदिना गारिगेस ६-३, ६-३ अशी हरली. तारीख २७ सप्टेंबर. दुसऱ्या दिवशी दातेचा ३९ वा वाढदिवस. महिलांच्या व्यावसायिक स्पर्धेत एकेरी जिंकणारी तिच्याहून वयानं मोठी अशी एकच खेळाडू होती, १९८३ मध्ये बर्मिंगहॅम जिंकणारी बिली जीन किंग. आणि आधीचं विजेतेपद, सॅन डिएगोचं, तेरा वर्षांपूर्वीचं.

हे शक्य कसं झालं? या तेरा वर्षांत टेनिस पार बदललं होतं. तारांची सामग्री बदलली, पॉलिएस्टरच्या तारांनी चेंडूला जबरदस्त फिरकी देता येऊ लागली, मुली उंच आणि दणकट झाल्या, फटक्यांचा वेग वाढला. ३८-३९ व्या वर्षी परतणाऱ्या बाईला हा वेग गिळून टाकेल असंच कुणीही म्हणालं असतं. पण दातेचा सगळा खेळच उसन्या वेगावर चालायचा. समोरून जितका जोरात चेंडू येईल तितका तिचा परतीचा चेंडू जोरात. शिवाय नव्या पिढीतल्या मुली सगळ्या एकसारख्या, बेसलाइनच्या मागून, मोठा फेरा घेऊन मारायला शिकलेल्या. टप्प्यावरच चेंडू उचलून सपाट, खाली पडणारे फटके मारणारी प्रतिस्पर्धी त्यांनी सरावात कधी पाहिलीच नव्हती. मधूनच ती काप देऊन चेंडू खाली ठेवायची, मधूनच जाळीपाशी धावायची. तरुणपणी ज्या खेळाला ‘ताकद नाही म्हणून केलेली तडजोड’ म्हटलं जायचं, तोच खेळ चाळिशीत तिची सगळ्यात टिकाऊ मालमत्ता ठरला. दुसऱ्या डावाचं खरं रहस्य मला इथं वाटतं. आहार, झोप, शिस्त वगैरे सगळं आहेच, पण शिस्तबद्ध चाळिशीचे लोक पुष्कळ असतात.

मे २०१० मध्ये पॅरिसला तिनं आदल्या वर्षीची उपविजेती दिनारा साफिनाला तीन सेटमध्ये हरवलं, तेही पोटरी दुखावलेली असताना. त्याच वर्षी, पुन्हा २७ सप्टेंबरलाच, म्हणजे ४० व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, टोकियोत गतविजेती मारिया शारापोवा तिच्याकडून हरली. पुढच्याच महिन्यात ओसाकाला समांथा स्टोसरवर तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये विजय; चाळिशीत पहिल्या दहांतल्या खेळाडूला हरवणारी ती पहिली बाई ठरली. ओसाकाचा अंतिम सामना पुन्हा तानासुगार्नशी. एक ४० ची, एक ३३ ची. तानासुगार्न जिंकली. त्या हिवाळ्यात दाते जगात पहिल्या ५० खेळाडूंमध्ये होती.

पण मला विचाराल तर दुसऱ्या डावातला सर्वांत चांगला सामना ती हरली. २२ जून २०११, विम्बल्डनची दुसरी फेरी, बाहेर पाऊस. सेंटर कोर्टला एव्हाना सरकतं छप्पर आलं होतं. ते बंद होतं आणि आत प्रत्येक फटक्याचा आवाज घुमत होता. समोर व्हीनस विल्यम्स, पाच वेळची विजेती. व्हीनसनं पहिला व्यावसायिक सामना १९९४ च्या अखेरीला खेळला, तेव्हा दाते पहिल्या दहांत पोचली होती. पहिल्या सेटमध्ये बघता बघता ५-१ झाले, दातेच्या बाजूनं. व्हीनसच्या सर्व्हिसचा वेग तिला सोयीचाच पडत होता. ती पुढं सरकून परत करायची आणि चेंडूच्या मागोमाग जाळीकडे जायची. व्हीनसनं बरोबरी साधली, तरी टायब्रेक दातेनंच ८-६ असा घेतला. दुसरा सेट व्हीनसचा. तिसऱ्यात ६-६ झाल्यावरही सामना चालूच. शेवटी व्हीनस ८-६ अशी सुटली. दोन तास ५६ मिनिटं. १९९६ मध्ये उजेड गेला म्हणून याच कोर्टवर तिची लय तुटली होती. या वेळी छप्पर आणि दिवे दोन्ही होते, आणि तरी दोन गेम कमी पडले.

यानंतरच्या गोष्टीत पुणं येतं. २०१२ च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या तोंडावर, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत महिलांची सव्वा लाख डॉलरची स्पर्धा भरली, रॉयल इंडियन ओपन. महिला टेनिसच्या संघटनेनं मुख्य दौऱ्याच्या एक पायरी खाली ही नवी मालिका त्याच वर्षी सुरू केली होती आणि पहिल्या वर्षी तिच्या दोनच स्पर्धा झाल्या, एक तैपेईला आणि एक पुण्यात. हैदराबाद, कोलकाता, बंगळुरूच्या मोठ्या स्पर्धा २००८ पर्यंत एकेक करून बंद पडल्या होत्या. त्यानंतर भारतात इतक्या दर्जाचं महिला टेनिस आलं ते असं. मुख्य दौरा संपलेला असताना, क्रमवारीतले थोडे गुण मिळवायला ४२ वर्षांची दाते या स्पर्धेला आली. सुट्टी घेऊन घरी बसायला तिला पूर्ण मुभा होती. दाते हे आडनाव पुण्यात कुणाला परकं वाटण्याचा प्रश्नच नव्हता, पण तिच्या नावावर गर्दी लोटली असं काही झालं नाही. जगात चौथी राहिलेली खेळाडू आपल्या गावात खेळतेय याची खबर आपल्याकडे क्रिकेटच्या पानाखाली जाते.

ती अंतिम सामन्यापर्यंत गेली. समोर युक्रेनची एलिना स्वितोलिना, वय १८. दातेनं पहिल्यांदा निवृत्ती घेतली तेव्हा ही मुलगी दोन वर्षांची होती. स्वितोलिना ६-२, ६-३ अशी जिंकली. आज मागं वळून पाहिलं तर त्या निकालात कमीपणा काही नाही. स्वितोलिना पुढं वर्षाअखेरची स्पर्धा जिंकली, आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये तिनं एकेरीचं कांस्यपदक मिळवलं. ते पदक तिला मिळालं आरिआकेच्याच कोर्टांवर.

पुण्याहून परतलेली दाते दोन महिन्यांत मेलबर्नला पोचली आणि १२ वी मानांकित नादिया पेट्रोवाला तिनं ६-२, ६-० असं गुंडाळलं. ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत सामना जिंकणारी सर्वांत वयस्कर महिला, असा मथळा जगभर झळकला. पुढच्या फेरीत तिनं शहार पेरलाही हरवलं. त्याच वर्षी विम्बल्डनमध्ये ती तिसऱ्या फेरीत गेली आणि सेंटर कोर्टवर सेरेना विल्यम्सकडून ६-२, ६-० अशी हरली. सेरेनाचा वेग मात्र उसना घेता येण्याजोगा नव्हता. २०१४ मध्ये ४४ व्या वाढदिवसाला काही आठवडे उरले असताना, बार्बोरा झाहलावोवा स्ट्रिकोवाबरोबर तिनं अमेरिकन ओपनच्या दुहेरीची उपांत्य फेरी गाठली. दुहेरीत धाव कमी लागते, हात आणि डोकं जास्त लागतं.

कारण पाय थकत चालले होते. तिच्या खेळाला समोरच्याची ताकद उसनी मिळत असली तरी चेंडू चढत असताना त्याच्यापाशी पोचायचं काम पायांचंच असतं, आणि तिथं उसनवारी चालत नाही. २०१६ मध्ये डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्या. त्याच वर्षी तिचा आणि क्रुमचा घटस्फोटही झाला. मे २०१७ मध्ये, गुडघा सांभाळत, तिनं पुन्हा गिफूमध्येच खेळायला सुरुवात केली; आता खांदाही दुखत होता. १२ सप्टेंबर २०१७ ला टोकियोत जपान विमेन्स ओपनच्या पहिल्या फेरीत ती सर्बियाच्या आलेक्सांद्रा क्रुनिचकडून ६-०, ६-० अशी हरली. वय ४६. निवृत्ती आधीच जाहीर केलेली होती, त्यामुळे या आकड्यांना काही अर्थ चिकटवायचं कारण नाही. या वेळी ती पुष्कळ हसली, असं ज्यांनी पाहिलं ते सांगतात.

त्याच वर्षी तिनं वासेदा विद्यापीठात क्रीडाशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला होता. तिच्या प्रबंधाचा विषय ऐकायला रूक्ष आहे: टेनिस कोर्टचा पृष्ठभाग. जपानमध्ये क्लबांत, शाळांत, नगरपालिकांच्या मैदानांवर वाळू भरलेल्या कृत्रिम हिरवळीची कोर्टं सर्रास दिसतात. पावसाचं पाणी लगेच निचरून जातं, देखभाल स्वस्त पडते, हौशी खेळाडूंच्या गुडघ्यांना त्रास कमी. पण त्यावर चेंडू उसळत नाही, पाय घसरतो, आणि जगातली एकही मोठी स्पर्धा अशा पृष्ठभागावर होत नाही. दातेचं म्हणणं असं की लहानपणी अशा कोर्टवर वाढलेल्या मुलामुलींचे पाय आणि फटके चुकीच्या सवयी धरतात, आणि परदेशी गेल्यावर त्या मोडण्यात उमेदीची वर्षं जातात. वाळूची कोर्टं उखडून मुलांसाठी कठीण पृष्ठभागाची कोर्टं करा, म्हणून ती तेव्हापासून संघटनांच्या आणि नगरपालिकांच्या मागं लागली आहे, आणि निवडक ज्युनिअर मुलींचे गट घेऊन स्वतः शिकवतेही आहे. जपानमधली बहुतेक कोर्टं अजून वाळूचीच आहेत.